जावाने विचारलेला हप्ता ४२ रुपये का आला?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्जाचा मासिक हप्ता काढणारी स्क्रिप्ट पायथॉनमध्ये आहे आणि जावामधील मुख्य प्रोग्रॅम ती प्रोसेसबिल्डरच्या (बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या जावाच्या सोयीच्या) साहाय्याने चालवतो. स्क्रिप्ट शेवटी काढलेला हप्ता सिस मॉड्यूलमधील एक्झिट या फंक्शनला देते आणि जावा तो वेटफॉरच्या (प्रोग्रॅम संपेपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनच्या) रिटर्न व्हॅल्यूमधून उचलतो. ३ लाख रुपये, वार्षिक ९ टक्के आणि ४८ महिने या आकड्यांसाठी विंडोजच्या लॅपटॉपवर ७,४६६ हे बरोबर उत्तर मिळते, पण तोच प्रोग्रॅम लिनक्सच्या सर्व्हरवर गेला की उत्तर ४२ येते. आणि हप्ता पूर्णांकात न आणता ७,४६५.५१ असा पाठवला, तर दोन्हीकडे १ मिळतो. चूक कुठे आहे, दोन भाषांतील प्रोग्रॅममध्ये रिटर्न व्हॅल्यू देण्याघेण्याची योग्य पद्धत कोणती, आणि पुढे हीच आकडेमोड सी भाषेतील लायब्ररीत नेली तर काय बदलेल, असे आपण विचारले आहे.

चूक जावाची नाही आणि पायथॉनचीही नाही. एका प्रोग्रॅममधील फंक्शन दुसऱ्या फंक्शनला उत्तर देते, तेव्हा दोघांची मेमरी एक असते आणि पूर्णांक, अपूर्णांक, स्ट्रिंग हे प्रकार दोघांनाही सारखेच कळतात. दोन स्वतंत्र प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, यातले काहीच सामाईक नसते. त्यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टम उभी असते आणि तिला फक्त बाइट कळतात. प्रोसेस संपताना ती जो एक्झिट कोड मागे ठेवते, तो सरकारी फाइलवरच्या शेऱ्यासारखा असतो: काम झाले, नाही झाले, अमुक कारणाने अडले, एवढेच त्यात लिहायचे असते. आपण त्या शेऱ्याच्या रकान्यात अख्खा हिशेब लिहायला गेलात आणि रकाना अपुरा पडला.

रकाना किती लहान आहे, ते ४२ या आकड्यातच दिसते. ७,४६६ ला २५६ ने भागले असता २९ चा भाग जातो आणि ४२ बाकी उरते. युनिक्सच्या परंपरेत एका प्रोसेसने सुरू केलेली दुसरी प्रोसेस संपल्याची जी खबर सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसला मिळते, ती १६ बिटांत बसवलेली असते. वरच्या ८ बिटांत एक्झिट कोड आणि खालच्या ८ बिटांत कोणत्या सिग्नलने (ऑपरेटिंग सिस्टमने दिलेल्या इशाऱ्याने) प्रोसेस मेली व कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची प्रत) झाला का, याची नोंद. त्यामुळे कोडचे फक्त शेवटचे ८ बिट शिल्लक राहतात, म्हणजे ० ते २५५ एवढीच जागा उरते. उणे १ पाठवला तर २५५ मिळतो. पायथॉनमधील ओएस मॉड्यूलचे जुने सिस्टम हे फंक्शन वापरणाऱ्याला लिनक्सवर ४२ ऐवजी १०,७५२ दिसेल, कारण ते ही १६ बिटांची खबर न सोडवता जशीच्या तशी देते आणि ४२ गुणिले २५६ म्हणजे १०,७५२ होतात. विंडोजवर एक्झिट कोड ३२ बिटांचा असतो, म्हणून आपला ७,४६६ तिथे सुखरूप पोहोचला. माझ्या मते या प्रकरणातील सगळ्यांत घातक गोष्ट हीच होती, कारण चुकीची रचना लॅपटॉपवर बरोबर उत्तर देत राहिली आणि त्यामुळे ती तपासावी असे कोणाला वाटलेच नाही.

याहून वाईट प्रसंग अजून यायचा होता. एखाद्या ग्राहकाचा हप्ता नेमका ७,४२४ रुपये निघाला असता, तर लिनक्सवर उत्तर ० आले असते, कारण ७,४२४ हा २५६ चा २९ पट आहे. आणि ० या कोडचा अर्थ जगभर ‘सर्व ठीक’ असा घेतला जातो.

अपूर्णांकाच्या वेळी १ का आला, त्याचे कारण निराळे आहे. सिस मॉड्यूलमधील एक्झिटला पूर्णांक दिला तर तो कोड मानला जातो आणि काहीच दिले नाही तर ०. याव्यतिरिक्त कोणतीही वस्तू दिली, तर पायथॉन तिला चूक कळवणारा संदेश समजून स्टँडर्ड एररवर, म्हणजे तक्रारींसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर, छापतो आणि कोड म्हणून १ ठेवतो. म्हणजे ७,४६५.५१ हा आपला आकडा प्रत्यक्षात बाहेर पडला होता, फक्त आपण ज्या दारात उभे होतात त्या दाराने नव्हे.

एक्झिट कोड कशासाठी वापरावा, हे आता नीट ठरवता येईल. ० म्हणजे यश, बाकी सर्व अपयशाचे प्रकार, हा मूळ नियम. पण त्यालाही अपवाद आहेत. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला शोधलेला मजकूर सापडला नाही तर तो १ देतो आणि खरी चूक झाली तर २, म्हणून ‘शून्येतर म्हणजे बिघाड’ असे सरसकट धरणारा प्रोग्रॅम ग्रेपच्या बाबतीत फसतो. शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, आणि १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून येणारा आकडा म्हणजे प्रोसेस त्या सिग्नलने मेली. मेमरी संपल्यामुळे लिनक्स कर्नलने प्रोसेस मारली की दिसणारा १३७ हा १२८ अधिक ९ असतो, आणि मेमरीत भलतीकडे हात घातल्याचा १३९ हा १२८ अधिक ११. जावाचे वेटफॉरही लिनक्सवर हीच बेरीज करून १३७ देते, मात्र पायथॉनचे सबप्रोसेस मॉड्यूल त्याच घटनेला उणे ९ म्हणते. विंडोजवर प्रोसेस अशीच कोसळली तर जावात उणे १०७३७४१८१९ असा अगम्य आकडा दिसतो, जो हेक्साडेसिमलमध्ये (१६ या पायाच्या अंकपद्धतीत) लिहिला की ओळखीचा ॲक्सेस व्हायोलेशनचा (मेमरीत भलतीकडे हात घातल्याचा) कोड निघतो. मुंबई-पुण्यात बँकांच्या मेनफ्रेमवर काम केलेल्यांना ०, ४, ८, १२, १६ ही कोबोलच्या जॉबमधील चढती शिडी आठवेल. तिथे ४ म्हणजे केवळ ताकीद असते आणि पुढची पायरी बहुधा चालू राहते. तोच ४ लिनक्सच्या शेल स्क्रिप्टने वाचला की ती तो अपयश समजते. तेव्हा आकड्यांचे अर्थ दोन्ही बाजूंनी आधी लिहून ठरवावेत. स्वतःचे कोड नेमताना १ आणि २ टाळावेत असे मी सुचवीन, कारण न पकडलेल्या एक्सेप्शननंतर (चालताना उद्भवलेल्या चुकीनंतर) पायथॉन स्वतःहून १ देतो आणि आर्गपार्स या पॅरामीटर वाचणाऱ्या मॉड्यूलला चुकीचे पॅरामीटर मिळाले तर २. आपलाही ‘ग्राहक सापडला नाही’ हा कोड १ असेल, तर दोन्हींतला फरक कळणार नाही.

आता खऱ्या उत्तराचा मार्ग. आपल्या प्रकरणात स्क्रिप्टने हप्ता स्टँडर्ड आउटपुटवर (नेहमीच्या छापण्याच्या प्रवाहावर) एका जेसन वस्तूच्या, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या ठरावीक मजकुराच्या, रूपात छापावा, सर्व नोंदी आणि तक्रारी स्टँडर्ड एररवर पाठवाव्यात, आणि यश असेल तरच ० कोडने संपावे. जावाने आधी दोन्ही प्रवाह वाचावेत, मग प्रोसेस संपण्याची वाट पाहावी, मग कोड तपासावा, आणि तो ० असेल तरच जेसन उलगडावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ जण आधी वेटफॉर करतात आणि नंतर आउटपुट वाचतात. छोट्या उत्तराला ते चालते, पण लिनक्सवर पाइपची (एका प्रोसेसचे आउटपुट दुसरीकडे नेणाऱ्या मार्गाची) क्षमता साधारणपणे ६४ किलोबाइट असते, आणि ती भरली की पायथॉन लिहिता लिहिता थांबतो व कोणी तरी वाचेल याची वाट पाहतो, तर जावा पायथॉन संपण्याची वाट पाहत असतो. दोघेही ‘पहले आप’ म्हणत उभे राहतात आणि प्रोग्रॅम कायमचा अडकतो. स्टँडर्ड एररचेही तसेच आहे. तो वेगळ्या थ्रेडने (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाने) वाचावा, किंवा प्रोसेसबिल्डरला सांगून सरळ फाइलकडे वळवावा. तो स्टँडर्ड आउटपुटमध्येच मिसळून टाकण्याची सोय जावात आहे आणि ती मोहक वाटते, पण उत्तर तिथे येणार असेल तर ती वापरू नये.

हे मी एका जुन्या प्रकल्पात शिकलो. आमची स्क्रिप्ट एकच आकडा छापत असे आणि जावा शेवटची ओळ वाचून तो उचलत असे. महिनोन्‌महिने सुरळीत चालले. एके दिवशी कोणी तरी एक लायब्ररी अद्ययावत केली, नवी आवृत्ती संपताना स्टँडर्ड आउटपुटवर एक सूचना छापू लागली, आणि त्या रात्रीचा सगळा हिशेब ‘संख्या अपेक्षित होती’ या तक्रारीने भरून गेला. आम्ही नशीबवान, कारण सूचनेची ओळ एखाद्या आकड्याची असती तर तक्रारही आली नसती. तेव्हापासून माझा आग्रह असतो की, स्क्रिप्ट सुरू होताच मूळ स्टँडर्ड आउटपुट बाजूला ठेवून द्यावे, इतर सर्वांच्या छापण्याला स्टँडर्ड एररकडे वळवावे आणि उत्तर मात्र त्या राखून ठेवलेल्या प्रवाहावर एकदाच लिहावे. उत्तर मोठे असेल, तर जावाने फाइलचा मार्ग पॅरामीटर म्हणून द्यावा, पायथॉनने आधी त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहावे आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलावे. म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल कोणी वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

दोघांच्या मध्ये शेल स्क्रिप्ट असेल तर आणखी एक सापळा असतो. प्रोग्रॅमचे आउटपुट पाइपने टी या कमांडला देऊन लॉग ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु बॅश या शेलमध्ये संपूर्ण पाइपलाइनचा कोड हा शेवटच्या कमांडचा कोड असतो. टी जवळजवळ कधीच अपयशी होत नाही, म्हणून मूळ प्रोग्रॅम कोसळला तरी वर ० च पोहोचतो. पाइपफेल हा पर्याय सुरू केला की हे थांबते. फंक्शनच्या आत लोकल व्हेरिएबल जाहीर करता करता त्याच ओळीत कमांडचे आउटपुट भरले, तरीही कमांडचा कोड गिळला जातो, कारण मागे उरतो तो लोकल या कमांडचा कोड. दोन ओळी वेगळ्या लिहाव्यात.

जेसनमध्ये आकडे कसे लिहावेत, यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण विषय पैशांचा आहे. जेसनच्या व्याकरणात संख्येला लांबीची मर्यादा नाही, पण वाचणारा ती बहुतेक वेळा ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवतो, आणि त्यात ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ म्हणजे २ चा ५३ वा घात ओलांडला की प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. जावास्क्रिप्टमध्ये लांबलचक खाते क्रमांकांचे शेवटचे अंक बदलतात, ते याच कारणाने. म्हणून क्रमांक हे स्ट्रिंग म्हणून पाठवावेत. त्यांची बेरीज कोणाला करायची नसते. रक्कम पैशांत, म्हणजे ७,४६,५५१ अशा पूर्णांकात पाठवावी, किंवा दशांश लिहिलेली स्ट्रिंग पाठवून जावात बिगडेसिमल या अचूक दशांश प्रकाराने वाचावी. पायथॉनचा डेसिमल प्रकार जेसन मॉड्यूल स्वतःहून स्वीकारत नाही, चूक देते. तेव्हा वैतागून त्याचा फ्लोट करू नये, ती चूक आपल्या भल्यासाठीच आहे. याउलट ‘नॅन’ ही मूल्यहीन संख्या पायथॉन बिनतक्रार जेसनमध्ये लिहितो, जी जेसनच्या नियमांत बसतच नाही आणि काटेकोर वाचक ती नाकारतो. आणि आकड्याबरोबर एकक नावातच असावे: नुसते ‘रक्कम’ न लिहिता ‘रक्कम पैशांत’ असे. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, ते जमिनीवरील एका सॉफ्टवेअरने आपले उत्तर पाउंड-सेकंदांत लिहिले आणि पुढच्या टप्प्याने ते न्यूटन-सेकंद समजून वाचले म्हणून. फरक सुमारे ४.४५ पटींचा होता. फाइल व्यवस्थित लिहिली गेली होती आणि व्यवस्थित वाचलीही गेली होती.

ग्राहकाचे नाव मराठीत परत येणार असेल, तर एन्कोडिंग दोन्हीकडे स्पष्ट सांगावे लागते. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडचे ५ कोड पॉइंट आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १५ बाइट होतात आणि यूटीएफ-१६ मध्ये १०. लांबी आधी पाठवून मग मजकूर पाठवणारी पद्धत वापरत असाल, तर ती लांबी बाइटची की अक्षरांची, हे ठरलेले नसले की मजकूर मध्येच तुटतो. पायथॉनचे जेसन मॉड्यूल मूळ स्थितीत देवनागरी अक्षरे युनिकोडच्या सांकेतिक रूपात लिहिते, त्यामुळे ती कोणत्याही पाइपमधून सुखरूप जातात. लॉग वाचायला सोपा व्हावा म्हणून कोणी ती सोय बंद केली, की विंडोजवर पाइपमध्ये लिहिताना जुने कोड पेज (मर्यादित अक्षरांचा जुना तक्ता) आडवे येऊन स्क्रिप्ट एन्कोडिंगच्या चुकीने थांबते. जावाने प्रोसेस सुरू करताना पायथॉनचा यूटीएफ-८ मोड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने सुरू करावा आणि वाचताना कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंग, नावानिशी सांगावा.

आता सी लायब्ररीविषयी. इथे प्रोसेस एकच राहते, म्हणून पाइप, कोड आणि जेसन हे सर्व बाजूला पडते. पण मूल्यांचे प्रकार दोन भाषांमधील सीमा ओलांडून जात नाहीत, ही अडचण कायम राहते. लायब्ररी फक्त मशीन कोड असते आणि तिच्या फंक्शनने काय परत केले, हे हाक मारणाऱ्याने, म्हणजे ते फंक्शन बोलावणाऱ्या प्रोग्रॅमने, स्वतः सांगायचे असते. समजा हप्ता काढणारे सी फंक्शन डबल (६४ बिटांचा अपूर्णांक) परत करते आणि आपण ते पायथॉनच्या सीटाइप्स या सी फंक्शने बोलावणाऱ्या मॉड्यूलमधून बोलावले. रिटर्नचा प्रकार सांगितला नाही, तर सीटाइप्स तो इंट, म्हणजे पूर्णांक, आहे असे गृहीत धरते. ६४ बिटांच्या इंटेल लिनक्सवर पूर्णांक उत्तर आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या साठ्यात) ठेवले जाते आणि डबल हे एक्सएमएम० मध्ये. म्हणजे उत्तर एका खिशात असते आणि पायथॉन दुसऱ्या खिशात हात घालून तिथे पडलेला कचरा मोठ्या विश्वासाने परत देतो. गंमत अशी की, पॅरामीटर म्हणून फ्लोट दिला तर सीटाइप्स चूक दाखवते, पण रिटर्नच्या बाबतीत गप्प बसते. पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता, परत करणाऱ्या फंक्शनचेही तसेच. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो आणि प्रोग्रॅम कधी चालतो, कधी १३९ देऊन मरतो. आपण जावातूनच थेट सी बोलावणार असाल, तर जावा २२ मध्ये कायम झालेला फॉरेन फंक्शन एपीआय वापरावा. त्यात फंक्शनचे वर्णन लिहिणे सक्तीचे आहे, पण ते चुकीचे लिहिले तर जावाही वाचवू शकत नाही. विशेषतः लाँग या प्रकारापासून सावध राहावे: ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ८ बाइटचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर ४ बाइटचा आणि जावात नेहमी ८ बाइटचा. लांबी नावातच असलेले इंट३२ आणि इंट६४ हे प्रकार वापरावेत. लॅपटॉप विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा, ही आपली जोडी इथेही तोच खेळ करील.

स्ट्रिंग परत करायची असेल तर मेमरी कोणी मोकळी करायची, हा प्रश्न उभा राहतो. सी फंक्शनने मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) जागा घेऊन पॉइंटर दिला आणि पायथॉनमध्ये तो कॅरेक्टर पॉइंटर म्हणून जाहीर केला, तर सीटाइप्स मजकुराची प्रत काढून देते आणि मूळ पत्ता हरवतो. मग मोकळे करायचे ठरवले तरी करणार काय? प्रत्येक हाकेला थोडी मेमरी गळत राहते. विंडोजवर तर लायब्ररीचा आणि हाक मारणाऱ्याचा सी रनटाइम वेगवेगळा असू शकतो, आणि एकाने घेतलेली जागा दुसऱ्याच्या फ्रीने (मेमरी सोडणाऱ्या फंक्शनने) सोडली की प्रोग्रॅम कोसळतो. दोन पद्धती मी सुरक्षित मानतो. एक म्हणजे, हाक मारणाऱ्याने जागा आणि तिची लांबी द्यावी व फंक्शनने ती भरावी. दुसरी म्हणजे, लायब्ररीने आपली मेमरी सोडणारे स्वतःचे फंक्शनही द्यावे आणि मेमरी त्यातूनच सोडावी. हप्त्यासारख्या आकड्यासाठी मी पहिलीच निवडीन: फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू म्हणून पूर्णांकी कोड आणि खरा हप्ता पॉइंटरमधून. शेरा वेगळा आणि उत्तर वेगळे, ही विभागणी तिथेही तशीच राहते. एक्सेप्शनची गोष्टही याला जोडूनच येते. लायब्ररी सी++ मध्ये असेल, तर एक्सेप्शन सी च्या सीमेबाहेर पडू देऊ नये. सीमेवरच पकडून त्याचा कोड करावा.

यांतला कोणता मार्ग घ्यावा, ते हाका किती येतात यावर आहे. दिवसातून काहीशे हप्ते काढायचे असतील तर प्रत्येक वेळी नवी पायथॉन प्रोसेस सुरू करण्याचा खर्च सोसण्यासारखा आहे, आणि स्क्रिप्ट कोसळली तरी जावा शाबूत राहतो, हा फायदा मोठा आहे. सेकंदाला अनेक हाका येत असतील तर पायथॉनची एकच प्रोसेस चालू ठेवून तिला ओळीगणिक प्रश्न द्यावेत आणि ओळीगणिक उत्तरे घ्यावीत. मात्र तेव्हा प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करायला (साठलेले आउटपुट लगेच पुढे ढकलायला) विसरू नये, कारण पाइपला जोडलेले आउटपुट पायथॉन साठवून ठेवतो आणि जावा रिकाम्या पाइपकडे पाहत बसतो. एचटीटीपी सेवा केली तर स्टेटस कोड आणि बॉडी अशी विभागणी आयती मिळते. तरीही २०० हा स्टेटस देऊन बॉडीत ‘चूक झाली’ असे लिहिणाऱ्या सेवा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सी लायब्ररीकडे मात्र केवळ वेगासाठी जाऊ नये; हप्त्याच्या सूत्रात वेगाचा प्रश्न नाही, आणि लायब्ररीतील एक चूक अख्खी जावा प्रोसेस घेऊन पडते.

तूर्त आपल्या स्क्रिप्टची शेवटची ओळ बदलून जेसन छापावे आणि जावात दोन्ही प्रवाह वेगळ्या थ्रेडने वाचत वेटफॉरला मुदत द्यावी, म्हणजे स्क्रिप्ट अडकली तर ती मारता येईल. मग लिनक्सवरच, लॅपटॉपवर नव्हे, हे तपासावे: ७,४२४ रुपयांचा हप्ता, पैशांसहित हप्ता, मराठी नावाचा ग्राहक, स्टँडर्ड एररवर मुद्दाम १ लाख बाइट ओतणारी स्क्रिप्ट, आणि चालू असताना किल उणे ९ ने मारलेली स्क्रिप्ट. शेवटच्या तपासणीत जावाला १३७ मिळाला पाहिजे आणि त्याने कोणताही हप्ता दाखवता कामा नये.